दुरुस्ती, सुधारणा आणि ‘तेच’ यंत्र

वापरलेल्या यंत्राचे झिजलेले भाग एकेक करून बदलत गेल्यावर शेवटी उरते ते मूळचेच यंत्र की दुसरे, हा वस्तूच्या अभेदाचा प्रश्न आहे. भारतीय दर्शनांनी तो रथ, वस्त्र आणि घट यांच्या निमित्ताने मांडला, ग्रीकांनी जहाजाच्या. त्याला जोडूनच कर्तव्याचा प्रश्न येतो: यंत्र ज्याच्या हाती आले त्याने ते जसे आहे तसे टिकवावे, की हवे तसे घडवावे? पहिल्याचे उत्तर ठरल्याशिवाय दुसऱ्याचे ठरत नाही. नेमके काय टिकवायचे आहे हेच ठाऊक नसेल, तर टिकवणे कोणते आणि बिघडवणे कोणते हे सांगता येणार नाही. नवख्या माणसाने जुनी स्पोर्ट क्वाड घेऊन तिची देखभाल आणि सुधारणा करायला घेतली, तर हे दोन्ही प्रश्न त्याच्यापुढे एकदमच उभे राहतात.

उदाहरणाचे यंत्र

क्वाड हे रुंद, कमी हवेच्या चार टायरांवर चालणारे, मोटारसायकलीचे हँडल असलेले आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे वाहन आहे. कोकणातल्या काही किनाऱ्यांवर पर्यटकांना भाड्याने फिरवायला मिळणारी क्वाड मराठी वाचकाने पाहिलेली असते. स्पोर्ट क्वाडचे माहेर मात्र अमेरिका. कॅलिफोर्नियातल्या आणि ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या, जंगलांतल्या वाटा आणि मातीचे शर्यतीचे ट्रॅक या तिच्या धावायच्या जागा. शेतकामाच्या क्वाडला ओझे वाहायचे असते. स्पोर्ट क्वाड हलकी असते, तिला फक्त मागच्या चाकांतून जोर मिळतो आणि खड्डे पचवण्यासाठी तिच्या चाकांना वरखाली व्हायला बरीच मोकळीक दिलेली असते.

होंडाची टीआरएक्स ४००ईएक्स हे या वर्गातले सरळसोट यंत्र. १९९९ च्या मॉडेलपासून २००८ पर्यंत ती या नावाने निघाली. इंजिन ३९७ घनसेंटिमीटरचे, एका सिलिंडरचे, चार व्हॉल्व्हचे आणि हवेने थंड होणारे. इंधन कार्बोरेटरमधून येते, जोर चेनने मागे जातो आणि मागची दोन्ही चाके एकाच सलग ॲक्सलवर बसतात. रेडिएटर नाही, इंधन मोजून देणारा संगणक नाही. टॅपेट स्क्रू आणि नटाने बसवता येतात. यात झाकलेले फार थोडे असल्याने नवख्याला ती शिकता येते, आणि कोणता भाग कशासाठी आहे हेही तिच्यात स्पष्ट दिसते.

झीज कुठे असते

जुनी क्वाड तपासताना नवखा माणूस भागांकडे पाहतो: रंग उडाला आहे का, प्लास्टिक तडकले आहे का, टायर गुळगुळीत झाले आहेत का. जाणता मेकॅनिक पुढचे चाक जमिनीवरून उचलून वरखाली धरतो आणि हलवून पाहतो. त्याला चाक किंवा बेअरिंग पाहायचे नसते, त्या दोहोंमधला ‘प्ले’ पाहायचा असतो. बॉल जॉइंट, हँडलची दांडी, स्विंगआर्मचे बुश, मागच्या ॲक्सलचे बेअरिंग या सगळ्यांची परीक्षा अशीच होते.

चेनचेही तसेच. चेन ‘ताणली’ असे म्हणतात, पण तिच्या पट्ट्या लांब होत नाहीत. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींना घासतात, त्यांच्यातले अंतर केसाएवढे वाढते आणि सगळ्या कड्यांची वाढ मिळून चेन सैल पडते. लांबलेल्या चेनच्या मापाने स्प्रॉकेटचे दातही झिजत जाऊन आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. म्हणून जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की ती लवकर संपते. बदलावी लागते ती जोडी.

अंतर वाढणे हा एक दोष, अंतर नाहीसे होणे हा दुसरा. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात, इंजिन थंड असताना, इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.१२ मिलिमीटर मोकळीक ठेवायची असते; टॅपेट बसवणे म्हणजे ही मोकळीक जुळवणे. ती वाढली की टकटक ऐकू येते. ती संपली तर इंजिन उलट शांत वाटते, पण तापून धातू प्रसरण पावल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळते. पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, क्लचच्या तारेतली ढील, टायरातली हवा, हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण यांनाही हाच न्याय लागू आहे. यंत्राची प्रकृती भागांमधल्या अंतरांत आणि प्रमाणांत राहते. भाग चकचकीत असूनही यंत्र बिघडलेले असू शकते, आणि कळकट भागांचे यंत्र निरोगी असू शकते.

भाग आणि अवयवी

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या यवन राजा मिनँडरला, रथाविषयी विचारतो. दांडी हा रथ का? आस, चाके, सांगाडा, जू, लगाम यांपैकी कोणता रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, सगळे मिळून रथ होतो का यालाही नाही म्हणतो आणि भागांखेरीज वेगळा रथही दाखवू शकत नाही. निष्कर्ष असा, की रथ हे भागांच्या आश्रयाने वापरात आलेले नाव आहे. ज्याला ‘मी’ म्हणतात तेही तसेच.

खोलून खोक्यांत भरलेली क्वाड विकायला येते तेव्हा नागसेनाच्या प्रश्नाला रोकडा अर्थ येतो. विकणारा म्हणतो, सगळे भाग आहेत. ते खरे असले तरी क्वाड तिथे नसते. सातव्या शतकात चंद्रकीर्तीने मध्यमकावतारात हाच मुद्दा पुढे नेला. भागांचा नुसता समुदाय म्हणजे रथ असेल, तर न जोडलेल्या ढिगालाही रथ म्हणावे लागेल. रथ भागांहून भिन्न नाही, अभिन्न नाही, त्यांचा मालक नाही, त्यांच्यावर टेकलेला नाही, त्यांना आधार देणारा नाही, त्यांचा ढीग नाही आणि त्यांची आकृतीही नाही, असे सात पर्याय त्याने खोडून काढले.

न्यायदर्शनाला हे मान्य नव्हते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ मानावा म्हणून एक युक्तिवाद येतो: वस्तूचा एक भाग धरला की ती सबंध धरली जाते, एक भाग ओढला की ती सबंध ओढली जाते. नुसत्या ढिगाचे असे होत नाही. यावर लाखेने चिकटवलेल्या गवत-दगडांचा प्रतिवाद परंपरेला ठाऊक होता, तरी चिकटून असणे आणि एक असणे यांतला फरक नैयायिकांनी सोडला नाही.

चाक धरून हलवणारा मेकॅनिक एका अर्थी हीच धारण-आकर्षणाची परीक्षा घेत असतो. हँडल वळवताच चाक वळले तर हँडल आणि चाक एका अवयवीचे अवयव आहेत. हँडल चार बोटे फिरून मग चाक हलले, तर तेवढ्या चार बोटांपुरता तो अवयवी विरला आहे. म्हणजे सबंधपणाला कमीजास्त मात्रा असते. नैयायिक ती मानत नाहीत; त्यांच्या लेखी अवयवी असतो किंवा नसतो. म्हणूनच एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा जन्मतो, असे त्यांना म्हणावे लागते. फाडलेले वस्त्र त्यांच्या मते मूळ वस्त्र उरत नाही, ते खंडपट होते. या हिशोबाने ब्रेक पॅड बदलले की दुसरी क्वाड झाली. व्यवहार हे स्वीकारत नाही, आणि ‘ही तीच’ ही प्रत्यभिज्ञा निव्वळ सादृश्याचा भास आहे असे म्हणून तो प्रश्न मिटत नाही.

बदलातले टिकणे

जैन दर्शनाने मधला रस्ता घेतला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जे सत् आहे ते उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिन्हींनी युक्त सांगितले आहे: वस्तू एकाच वेळी नवी होते, जुनी नाहीशी होते आणि टिकून राहते. समंतभद्रांनी आप्तमीमांसेत याला सोन्याचे उदाहरण दिले. सुवर्णघट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि सोने हवे असणारा तटस्थ राहतो. तिघांच्या भावना वेगळ्या असल्या तरी कोणाचीच चुकीची नाही, कारण वस्तूत तिन्ही गोष्टी खरोखर घडल्या आहेत.

क्वाडच्या बाजारात हे तिघेही भेटतात. मूळ स्वरूपातली जुनी क्वाड शोधणारा संग्राहक, मोठा पिस्टन आणि रुंद ॲक्सल घातलेली पाहून हळहळतो. तीच क्वाड शर्यतवाल्याला हवीहवीशी वाटते. वजनावर लोखंड आणि ॲल्युमिनियम घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच. कोणती क्वाड टिकली आणि कोणती गेली याचे उत्तर विचारणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असते, पण ते मनमानी नसते. हेतू ठरला की उत्तर वस्तूतच सापडते.

ॲरिस्टॉटलची मांडणी इथे उपयोगी पडते. वस्तूची कारणे सांगताना तो द्रव्यासोबत रूप आणि प्रयोजनही मोजतो. क्वाडचे द्रव्य बदलत राहते. तेल, पॅड, टायर, चेन, रिंगा ही तर बदलण्यासाठीच असतात. तिचे रूप म्हणजे भागांमधली ती अंतरे आणि प्रमाणे, आणि ती कशी असावीत हे प्रयोजनाने ठरते. झिजलेली जोडी बदलून अंतर पूर्ववत केले तर द्रव्य गेले तरी रूप राहिले. अंतरच बदलले तर जुने द्रव्य जागच्या जागी असूनही रूप गेले. दुरुस्ती आणि सुधारणा यांतली सीमारेषा इथे आहे. नव्या भागांच्या संख्येशी तिचा संबंध नाही.

चौकटीचा क्रमांक

प्लुटार्कने थीसिअसच्या चरित्रात ३० वल्ह्यांच्या जहाजाची गोष्ट नोंदली आहे. अथेन्सकरांनी ते जपून ठेवले, कुजलेल्या फळ्या बदलत राहिले आणि जहाज तेच का यावर तत्त्वज्ञांत वाद रंगला. १६५५ च्या ग्रंथात टॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्याच क्रमाने जोडल्या, तर दोन जहाजांपैकी थीसिअसचे कोणते? सुट्या भागांच्या बाजारात ही अडचण कल्पनेतली राहत नाही. एका क्वाडचे इंजिन दुसरीत जाते, तिची चाके तिसरीत, आणि उरलेल्या चौकटीवर चौथ्याच यंत्रांचे भाग चढतात.

कायद्याने यावर सोपा तोडगा काढला आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मालकीचा दाखला चौकटीवर उमटवलेल्या क्रमांकाला जोडलेला असतो. चौकट तीच तर वाहन तेच. चोरीचा माल ओळखायला हा नियम पुरेसा आहे. पण तो मालकीचा निवाडा देतो, यंत्राच्या प्रकृतीविषयी काही सांगत नाही. क्रमांक शाबूत असलेली चौकट स्विंगआर्मच्या जोडाजवळ तडकलेली असू शकते.

धर्मपरंपरेत अभेदाचे आणखी एक उत्तर सापडते. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवर विधीत कडुलिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात, आणि जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत गुप्तपणे नेला जातो. १९९६ आणि २०१५ साली असे नवकलेवर झाले. लाकूड सगळे बदलते, देव तोच राहतो. इथे अभेद टिकवणारे तत्त्व स्पष्ट आहे: आतली एक वस्तू आणि ती नेण्याचा अधिकृत विधी. महाराष्ट्रातल्या मंदिरांच्या जीर्णोद्धारातही देवतेचे सातत्य प्रतिष्ठेने राखले जाते. यंत्राला असा गाभा नसतो. त्याच्या आत कितीही खोल गेले तरी भाग आणि अंतरेच सापडतात. म्हणून त्याचे ‘तेच’पण एकदाच कुठे तरी स्थापन करून ठेवता येत नाही; ते राखत राहावे लागते. अभेदाचा प्रश्न इथे कर्तव्याच्या प्रश्नात मिसळतो.

नित्य, नैमित्तिक आणि काम्य

मीमांसेने कर्माचे तीन प्रकार सांगितले. ठरलेल्या वेळी करायचेच ते नित्य, निमित्त घडल्यावर करायचे ते नैमित्तिक आणि विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे ते काम्य. क्वाडवरची कामे या तीन खणांत नेमकी बसतात.

इंजिन तेल आणि त्याचा फिल्टर बदलणे, स्पंजाचा एअर फिल्टर धुऊन पुन्हा तेलात भिजवणे, चेन साफ करून तिला तेल देणे, टॅपेट तपासणे, ग्रीस भरणे, नट-बोल्ट आवळून पाहणे ही नित्यकर्मे. धूळ आणि वाळूत चालणाऱ्या यंत्राला एअर फिल्टर सगळ्यांत महत्त्वाचा. त्याला चुकवून गेलेली बारीक वाळू सिलिंडरच्या भिंतीवर काचकागदासारखी फिरते. पाण्यातून गेल्यावर तेल पांढरट झाले का ते पाहणे, क्वाड उलटल्यावर चौकट आणि हँडलची दांडी तपासणे ही नैमित्तिके. मोठा पिस्टन, मोकळा सायलेन्सर, रुंद ॲक्सल, महागडे शॉक ॲब्सॉर्बर ही काम्ये.

नित्यकर्म केल्याने वेगळे फळ मिळत नाही, न केल्याने मात्र प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो, असे बरेच मीमांसक मानतात. देखभालीचे स्वरूप हेच आहे. तेल वेळेवर बदलल्याने काहीच घडत नाही. काही न घडणे हाच त्याचा हेतू. नवख्याला देखभालीचा कंटाळा येतो आणि सुधारणेची ओढ वाटते ती यामुळेच. सुधारणा दिसते, ऐकू येते, मित्रांना सांगता येते.

शंकराचार्यांनी प्रत्यवायाच्या कल्पनेवर आक्षेप घेतला होता: न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी निपजेल? यंत्राच्या बाबतीत हा आक्षेप योग्य जागी बोट ठेवतो. तेल न बदलण्याने झीज होत नाही. झीज होते ती जळक्या, पातळ झालेल्या तेलावर इंजिन चालवल्याने. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या क्वाडचेही तसेच. तिचा कार्बोरेटर तुंबतो, कारण त्यातले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट थर उरतो. काहीही न करता यंत्र आहे तसे राहते, हा नवख्याचा समज म्हणून चुकीचा ठरतो. जे आपोआप घडत असते त्याला अडवणे म्हणजे देखभाल.

सुधारणेची अंगे

नित्य आणि काम्य कर्मांत मीमांसेने आणखी एक भेद केला आहे. नित्यकर्म यथाशक्ति केले, एखादे अंग राहिले, तरी ते फुकट जात नाही. काम्यकर्म मात्र सर्व अंगांसह पुरे झाले तरच फळ देते. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात याची चर्चा आहे, आणि सुधारणेचा यापेक्षा चोख नियम कोणत्याही गॅरेजात सापडणार नाही. चेन घाईत पुसून तेल दिले तरी काही लाभ होतो. अर्धवट सुधारणेने यंत्र पहिल्यापेक्षा वाईट होते.

साधे उदाहरण एअर फिल्टरच्या पेटीचे झाकण काढण्याचे. त्याने इंजिनाला हवा जास्त मिळते. सायलेन्सर मोकळा केला तर जळलेला वायूही लवकर बाहेर पडतो. पण कार्बोरेटरमधले जेट जुनेच राहिले तर पेट्रोल पूर्वीइतकेच येते, मिश्रण ‘लीन’ होते आणि हवेने थंड होणारे हे इंजिन जास्त तापते. झाकण काढणे हे अंगी असेल, तर मोठा मेन जेट, सुईची उंची आणि पायलट जेट ही त्याची अंगे आहेत. पायलट जेट थ्रॉटलच्या सुरुवातीच्या भागात, सुई मधल्या भागात आणि मेन जेट शेवटच्या चतुर्थांशात मुख्यतः काम करतो. तिन्ही बसवल्याशिवाय ते कर्म पुरे होत नाही.

पिस्टन वाढवण्याचे कर्म याहून मोठे. मूळ बोअर ८५ आणि स्ट्रोक ७० मिलिमीटर असल्याने ३९७ घनसेंटिमीटर होतात. बोअर ८९ मिलिमीटर केला की सुमारे ४३५ होतात. बाजारात असा संच ४४० या नावाने विकला जातो. त्याच्यामागून गॅस्केट, जेट, क्लचच्या स्प्रिंगा, वाढलेल्या उष्णतेचा बंदोबस्त आणि वाढलेल्या वेगाला पुरे पडणारे ब्रेक ही अंगे येतात.

काही अंगे यंत्राच्या बाहेरही असतात. पुढचे ए-आर्म आणि मागचा ॲक्सल रुंद केले तर वळणावर क्वाड उलटण्याचा धोका कमी होतो आणि वाळूच्या उतारावर ती स्थिर राहते. पण अमेरिकी वनखात्याच्या अनेक वाटांवर ५० इंचांहून रुंद वाहनाला मनाई असते, आणि दाट झाडांत जादा रुंदी अडकते. वाळूसाठी केलेली सुधारणा जंगलाच्या दृष्टीने बिघाड ठरते. यंत्र कशासाठी हे आधी ठरवल्याशिवाय सुधारणा या शब्दाला अर्थ उरत नाही.

यातून कामांचा क्रम निघतो. आधी सगळी अंतरे मूळ मापावर आणायची, मग यंत्र काही काळ तसेच चालवायचे, मग ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन, आणि सर्वांत शेवटी इंजिन. झिजलेल्या बॉल जॉइंटवर घातलेली वाढीव ताकद तो दोष वाढवते. आणि मूळ यंत्र कसे चालत होते हे ज्याने अनुभवलेच नाही, त्याला सुधारणेने काय सुधारले हेही कळत नाही.

निदानाचे तर्कशास्त्र

कार्यावरून कारण ओळखणे हे नवख्यापुढचे आणखी एक अवघड काम. धुरावरून अग्नीचे अनुमान हे न्यायशास्त्राचे ठरलेले उदाहरण आहे, आणि क्वाडच्या सायलेन्सरमागे त्याचाच पाठ घ्यावा लागतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पण तेल दोन वाटांनी सिलिंडरमध्ये शिरू शकते: झिजलेल्या रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून. नैयायिक अशा वेळी उपाधी शोधायला सांगतात, म्हणजे ज्या अटीवर संबंध टिकून आहे ती अट. बराच वेळ उभी राहून सुरू करताच धुराचा लोट आला आणि मग थांबला तर संशय सीलवर जातो. चढावर जोर देताना सतत धूर आला तर रिंगांवर. धूर कधी येतो हे न विचारता केलेले अनुमान सदोष असते.

मापालाही अट असते. या इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत राहते. इंजिन काही मिनिटे चालवून बंद केल्यावरच पट्टी बुडवून पाहायची असते, कारण उभ्या इंजिनात तेल टाकीतून खाली उतरते आणि पट्टी कमी दाखवते. त्यावर विश्वास ठेवून नवखा गरजेपेक्षा जास्त तेल ओततो. टॅपेटचे माप उलट, थंड इंजिनावरच खरे.

अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता नसणे, हा दुसरा दंडक. तो पाळायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. प्लग, जेट आणि फिल्टर एकदम बदलून इंजिन सुधारले, तर ते चालू लागते पण ज्ञान होत नाही. पुढच्या बिघाडाला माणूस तितकाच अनभिज्ञ राहतो.

हाताचे ज्ञान

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४५-४६ च्या एका व्याख्यानात आणि १९४९ च्या ग्रंथात, अमुक आहे हे जाणणे आणि अमुक कसे करावे हे जाणणे यांतला भेद मांडला. दुसरे ज्ञान पहिल्यात विरघळत नाही, कारण नियम जाणणाऱ्याला तो नियम कसा लावावा हेही जाणावे लागते, आणि ते पुन्हा नियमातच सांगायचे म्हटले तर शेवटच येत नाही.

ॲल्युमिनियमच्या आवरणात जाणारा सहा मिलिमीटरचा बोल्ट हे याचे लहानसे प्रमाण आहे. तो दहा-बारा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, हे पुस्तकात मिळते. टॉर्क रेंच नवख्याला तो आकडा हातात आणून देतो. पण आटे स्वच्छ आहेत का, त्यांना तेल लागले आहे का, बोल्ट तिरका शिरला आहे का, हे रेंच सांगत नाही. आटे ढिले पडायच्या आधी हाताला एक मऊपणा जाणवतो, आणि तो ओळखायला शिकण्याचे दुसरे साधन नाही. पुस्तकाने हाताला शिकवायचे आणि हाताने पुस्तक तपासायचे, असा तो अभ्यास आहे. रॉबर्ट पर्सिगने १९७४ च्या कादंबरीत अडकलेल्या स्क्रूवर मोठे विवेचन केले आहे. तो एक स्क्रू निघेपर्यंत त्याची किंमत अख्ख्या मोटारसायकलीएवढी असते. अडकल्यावर जोर वाढवणारा माणूस स्क्रूचे डोके घालवतो. थांबून पाहणारा गंज, उष्णता आणि वंगण यांच्याकडे वळतो.

आधीचा आणि पुढचा मालक

कर्मसिद्धांताप्रमाणे कर्माचे फळ कर्त्यालाच भोगावे लागते. वापरलेल्या यंत्रात याच्या उलट दिसते: आधीच्या मालकाने चुकवलेले तेल नव्या मालकाच्या वाट्याला येते, आणि आजच्या मालकाची कुचराई उद्याच्या. कर्ता आणि भोक्ता यांत असे अंतर पडते तेव्हा न्याय आपोआप होत नाही. माणसांना तो करावा लागतो. केलेल्या कामांची तारखेनिशी नोंद ठेवणे, कोणते जेट आणि कोणता पिस्टन बसवला आहे हे लिहून ठेवणे आणि विकताना दोष सांगणे, ही यंत्राच्या मालकीतून येणारी कर्तव्ये आहेत. नोंद नसलेली सुधारणा पुढच्या माणसासाठी कोडे असते.

हे बंधन यंत्रापुरते राहत नाही. क्वाडच्या धोक्यांचा इतिहास अमेरिकेत जुना आहे. १९८८ साली तिथले सरकार आणि उत्पादक यांच्यातल्या न्यायालयीन समझोत्याने क्वाडच्याच धाटणीच्या नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. १६ वर्षांखालच्या मुलांनी ९० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाची क्वाड चालवू नये, अशीही सूचना तिथे दीर्घकाळ होती. ताकद वाढवणारा माणूस ती कोणाच्या हाती पडेल याचाही जबाबदार होतो. म्हणून ब्रेक, हेल्मेट आणि स्वार पडताच इंजिन बंद करणारी दोरी ही इंजिन-सुधारणेच्या अंगांतच मोजली पाहिजेत.

या सगळ्या विवेचनातून ‘तेच’ यंत्राची कसोटी अशी निघते. ज्या प्रयोजनासाठी यंत्र आहे त्याला अनुरूप अंतरे आणि प्रमाणे राखली गेली, तर सगळे भाग बदलूनही यंत्र तेच. प्रयोजन कायम ठेवून प्रमाणे सर्व अंगांसह नव्याने बसवली, तर तेच यंत्र नव्या अवस्थेत, जैनांच्या भाषेत नव्या पर्यायात. प्रयोजनच बदलले, तर जुन्या क्रमांकाखाली दुसरे यंत्र. आणि प्रमाणे कोणी राखलीच नाहीत, तर एकही भाग न बदलता, जागच्या जागी उभे असतानाच, यंत्र हळूहळू भागांचा ढीग होत जाते.